वर्महोलचा गळा उघडा ठेवायला किती ताण लागेल? (वहीतली गणितं, तपासून द्यावीत)

कोराडीरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नोकरी औष्णिक वीज केंद्रात झाली. निवृत्तीनंतर सापेक्षतावाद रीतसर शिकायला घेतला. आधी टेन्सरचं गणित, मग श्वार्झशिल्ड (न फिरणारं कृष्णविवर), मग केर (फिरणारं). विद्यापीठाशी संबंध नाही, मार्गदर्शक नाही, नागपुरात घरी बसून जे जमतं ते करतो. कृष्णविवर आणि वर्महोल (अवकाशाचे दोन भाग जोडणारा बोगदा; त्याची सर्वांत अरुंद जागा म्हणजे गळा) यांवरच्या माझ्या टिपणांतला एक भाग इथे ठेवतोय. यातली अटकळ माझी आहे, पण आकडे कोणीही पडताळू शकेल असे आहेत. तेवढं कराच, ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं श्वार्झशिल्डने काढलेलं उत्तर १९१६ चं. त्याच वर्षी लुडविग फ्लामने त्या भूमितीचा आकार मांडून दाखवला. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अवकाशाचे दोन पदर जोडणारा पूल मांडला. त्यांच्या डोक्यात प्रवास नव्हता, मूलकणांचं सिंग्युलॅरिटी (जिथे गणितातले आकडे अनंताला जातात ती जागा) नसलेलं वर्णन करायचं होतं. मग १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की हा पूल टिकतच नाही. तो उघडतो आणि इतक्या झटकन मिटतो की प्रकाशही पलीकडे पोचत नाही. लोकप्रिय लेखांत १९३५ असतं आणि १९६२ गाळलेलं असतं, याची मला फार खंत वाटते. अर्धी गोष्ट सांगून वाचकाला स्वप्नात सोडून द्यायचं, हे बरं नाही.

१९८८ मध्ये मायकेल मॉरिस आणि किप थॉर्न यांनी प्रश्न उलटा विचारला. द्रव्य घेऊन भूमिती काढण्याऐवजी त्यांनी आधी माणूस जाऊ शकेल अशी भूमिती घेतली आणि आइन्स्टाइनच्या समीकरणांना विचारलं, यासाठी द्रव्य कसलं लागेल? उत्तर असं आलं की गळ्यापाशी त्रिज्येच्या दिशेने प्रचंड ताण हवा, आणि तो ताण तिथल्या ऊर्जाघनतेपेक्षा जास्त हवा. त्यालाच एक्झॉटिक द्रव्य म्हणतात.

माझी सगळी नोकरी दाबाच्या आकड्यांत गेली, म्हणून मला हा ताण पास्कलमध्ये बघायचा होता. सूत्र सोपं आहे: प्रकाशवेगाचा चौथा घात, भागिले (८ गुणिले पाय गुणिले गुरुत्व स्थिरांक गुणिले गळ्याच्या त्रिज्येचा वर्ग). वरचा स्थिर भाग ४.८ × १०^४२ न्यूटन येतो. म्हणजे:

त्रिज्या १ मीटर: ४.८ × १०^४२ पास्कल.
त्रिज्या ३ किलोमीटर: सुमारे ५ × १०^३५ पास्कल. जड न्यूट्रॉन ताऱ्याच्या केंद्रातला दाब याच पातळीचा असतो.
आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या धनु ए-स्टार या कृष्णविवराएवढा गळा (१.२७ कोटी किलोमीटर): ३ × १०^२२ पास्कल.
एम८७ या दीर्घिकेच्या कृष्णविवराएवढा गळा (सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमान, त्रिज्या सुमारे १,९०० कोटी किलोमीटर): १.३ × १०^१६ पास्कल.

शेवटच्या आकड्याशी मी बराच वेळ थांबलो. सूर्याच्या केंद्रातला दाब सुमारे २.५ × १०^१६ पास्कल आहे. म्हणजे एम८७ च्या मापाच्या गळ्याला लागणारा ताण सूर्याच्या पोटातल्या दाबाच्या निम्मा! आणि २१० मेगावॉटच्या संचात मुख्य वाफेचा जो दाब आम्ही रोज बघायचो, सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तेवढ्या ताणावर भागवायचं तर गळ्याची त्रिज्या ६० प्रकाशवर्षं करावी लागेल.

त्यावरून माझी अटकळ: निसर्गात वर्महोल असलेच तर ते लहान नसावेत, राक्षसी असावेत. प्रयोगशाळेत मिलिमीटरचा गळा शोधण्यापेक्षा दीर्घिकांच्या मध्यावर ज्यांना आपण कृष्णविवर म्हणतो त्यांच्याकडे संशयाने बघावं. ताण पुरवणार कोण, हा प्रश्न मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे.

---

संत्रानगरी

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

बारावी_अ

काका, मी बारावीत आहो, महाल भागात राहतो. बरंचसं समजलं, पण दोन गोष्टी अडल्या.

एक, ताण तर पोलादाच्या तारेलेही असते. मंग पोलाद एक्झॉटिक काऊन नाही?

दुसरं, धनु ए-स्टार एवढं मोठं आहे तर त्यात माणूस शिरला तर लगेच फाटत नाही असं वाचलं. मंग आत शिरून पलीकडे जायला काय अडचण आहे?

---

कोराडीरोडकर

@बारावी_अ, दोन्ही प्रश्न नेमके आहेत बेटा.

तारेचं आधी. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुण, ७ × १०^२० पास्कल येतील. ही त्याची ऊर्जाघनता. आणि सर्वांत मजबूत पोलादी तार काही अब्ज पास्कलला तुटते. म्हणजे ताण ऊर्जाघनतेच्या दहा हजार कोटीव्या भागाच्याही खाली राहतो. गळ्यापाशी तो वर हवा. आपल्याला माहीत असलेलं कुठलंही साधं द्रव्य ही रेषा ओलांडत नाही.

आता आत शिरण्याचं. तू वाचलंस ते बरोबर आहे. धनु ए-स्टारच्या घटनाक्षितिजावर (जी ओलांडली की परत येता येत नाही त्या सीमेवर) दोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्यावर आणि पायांवर पडणाऱ्या ओढीतला फरक फक्त ०.००१ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे, त्याला कळणारही नाही. सूर्याच्या दहापट कृष्णविवरापाशी हाच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे दोन कोटी पट होतो. पण क्षितिज ओलांडलं की घड्याळ सुरू होतं. न फिरणारं कृष्णविवर धरलं तर धनु ए-स्टारमध्ये सिंग्युलॅरिटीपर्यंत जास्तीत जास्त ६६ सेकंद मिळतात. रॉकेट कितीही जोरात चालवलं तरी त्याहून जास्त नाही. क्षितिजाच्या आत केंद्र ही जागा उरत नाही, तो पुढचा क्षण होतो, आणि पुढचा क्षण टाळता येत नाही. फुलर आणि व्हीलर यांचा निष्कर्ष हाच: पूल त्या आधीच मिटलेला असतो.

फिरणाऱ्या, म्हणजे केरच्या कृष्णविवरात कागदावर वाट दिसते. पण आतल्या क्षितिजापाशी बाहेरून येणारी ऊर्जा अमर्याद साचते, हे १९९० मध्ये एरिक पॉइसन आणि वर्नर इझ्रायल यांनी दाखवलं. त्या वाटेवर माझा भरवसा नाही.

---

प्रमेयवाली

दादा, मी गणित शिकवते, नागपुरातच. तुमचे आकडे मी कागदावर पुन्हा काढले, सगळे जुळतात. सूत्रही बरोबर आहे. आता मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत, आणि त्यातली एक तुमच्या अटकळीला जड जाणार आहे.

ताण का लागतो याचं मूळ रायचौधुरी समीकरणात आहे, आणि वर्महोलवरच्या चर्चेत ते सर्वांत आधी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. अमल कुमार रायचौधुरी यांनी कोलकात्यात हे काम केलं, १९५५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नोकरीत त्यांच्याकडून वेगळ्याच विषयाची अपेक्षा होती, हा विषय त्यांनी जवळजवळ एकट्याने धरून ठेवला. समीकरण सांगतं की एकमेकांजवळून जाणाऱ्या किरणांची जुडी पुढे पसरेल की आवळली जाईल. ऊर्जा ऋण नसेल तर गुरुत्व जुडी आवळतच नेतं. १९६५ मध्ये रॉजर पेनरोझ यांनी याच आवळण्यावरून दाखवलं की ताऱ्याचं कोसळणं एका मर्यादेपलीकडे गेलं की सिंग्युलॅरिटी टळत नाही. त्यासाठी त्यांना २०२० चं नोबेल मिळालं.

आता वर्महोल बघा. एका बाजूने किरण गळ्याकडे येताना जुडी आवळते, गळा ओलांडून पलीकडे गेल्यावर ती पसरायला हवी. आवळलेली जुडी पुन्हा पसरवायची, हे धन ऊर्जेला जमत नाही. म्हणून एक्झॉटिक द्रव्य. मॉरिस आणि थॉर्न यांनी निवडलेल्या विशिष्ट आकाराचा हा दोष नाही. आकार कसाही घ्या, या अटीतून सुटका नाही.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची, जी तुम्ही मोकळी सोडलीत. ऋण ऊर्जेचं प्रयोगात दिसलेलं उदाहरण म्हणजे कॅसिमीर परिणाम. १९४८ चं भाकीत, १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी नेमकं मोजलं. दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात १ मायक्रोमीटरवर असतील तर त्यांच्यातली ओढ सुमारे ०.००१३ पास्कल. १० नॅनोमीटरवर ती वातावरणाच्या दाबाच्या थोडी वरच जाते. ऐकायला भरपूर. पण वातावरणाएवढ्या ताणावर चालणाऱ्या गळ्याची त्रिज्या तुमच्याच सूत्राने ७३० प्रकाशवर्षं येते. शिवाय त्या पट्ट्यांचं स्वतःचं वस्तुमान धन आहे, ते ही ऋण ऊर्जा कित्येक पटींनी गिळून टाकतं.

आणि कळीचा मुद्दा हा: लागणारा ताण त्रिज्येच्या वर्गाने कमी होतो, पण कॅसिमीरसारखा पुरवठा मापाच्या चौथ्या घाताने कमी होतो. गळा दहापट मोठा केला तर गरज शंभरपट घटते आणि पुरवठा दहा हजारपट घटतो. दोन्ही वक्र जुळतात ते प्लँक लांबीच्या आसपास, १.६ × १०^-३५ मीटरला. फोर्ड आणि रोमन यांनी १९९६ मध्ये पुंज सिद्धांताच्या मर्यादा वापरून अशाच निष्कर्षाला हात घातला: एक तर गळा प्लँकच्या मापाचा, नाहीतर ऋण ऊर्जा कल्पनेपलीकडे पातळ थरात कोंबलेली. त्यामुळे "मोठा गळा सोपा" हे गरजेच्या बाजूने खरं आहे, पुरवठ्याच्या बाजूने उलटं आहे.

---

पेंचचा_पाहुणा

गणितात मला गती नाही, आकाश बघतो. एवढं सांगू शकतो की ज्याच्याबद्दल बोलताय ती जागा नागपुरातून दिसते. धनु ए-स्टारचं स्थान खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला, नागपूर २१ अंश उत्तरेला. म्हणजे मध्यमंडल ओलांडताना ते बरोबर दक्षिणेला सुमारे ४० अंश उंचीवर येतं, धनु आणि वृश्चिक यांच्या सीमेजवळ. मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास बघा, जूनच्या मध्यात ते मध्यरात्री येतं पण तोवर ढग. शहरातून आकाशगंगेचा पट्टा दिसणार नाही. पेंचला जा. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरवलं गेलं, आणि आपल्यापासून ते काही फार लांब नाही. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात आकाशाचा हा भाग समजून घेऊन मग पेंचला गेलात तर ओळखणं सोपं जातं.

---

नागभूमी

विषय आवडला, पण एक काळजी. हौशी संशोधकांना "आठ दिवसांत छापून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांच्या मेल सतत येतात. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे बरेच पैसे त्यात गेले आणि त्यांचा लेख कोणी वाचलाही नाही. कोराडीरोडकर साहेब, त्या वाटेला जाऊ नका. आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकायचं तर नव्या लेखकाला त्या विषयातल्या जाणकाराची शिफारस लागते. ती मिळवायला वेळ लागेल, पण त्या निमित्ताने एक माणूस तरी काम नीट वाचेल.

---

कोराडीरोडकर

@नागभूमी, पटलं. छापण्याची घाई नाही, म्हणूनच आधी इथे आलो.

@पेंचचा_पाहुणा, ४० अंशांचा आकडा वहीत लिहून घेतला. धन्यवाद.

@प्रमेयवाली ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे. वर्ग आणि चौथा घात ही जोडी इतकी स्वच्छ आहे की वहीत ती पहिल्या पानावर जाईल. पुंज क्षेत्रांच्या साध्या पुरवठ्यावर मोठा गळा चालणार नाही, हे मान्य.

तरी अटकळ मी अजून सोडत नाही, आणि त्याचं कारण सांगतो. २००३ मध्ये मॅट व्हिसर, सायन कर आणि नरेश दधिच यांनी दाखवलं की 'ऊर्जा ऋण नसावी' या अटीचा भंग करणाऱ्या, म्हणजे एक्झॉटिक, द्रव्याचं एकूण प्रमाण तत्त्वतः हवं तितकं कमी करता येतं. गळ्यापाशी भंग होणारच, तो टळत नाही, पण त्याचा एकूण साठा अगदी थोडा असू शकतो. दधिच पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले, कर खडगपूरचे. म्हणजे या प्रश्नावरचं एक मोलाचं पाऊल आपल्याच देशात पडलेलं आहे. रायचौधुरींपासून तिथपर्यंत एक धागा ओढता येतो आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरं कारण निरीक्षणाचं. पुरवठा कसा होतो हे ठाऊक नसतानाही "तिथे क्षितिज आहे की गळा" हा प्रश्न मोजून तपासता येतो. दोन वाटा माझ्या नजरेत आहेत.

पहिली एस२ ताऱ्याची. तो धनु ए-स्टारभोवती १६ वर्षांत फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२० पट अंतरापर्यंत जवळ गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७,६०० किलोमीटरच्या वर होता. २०१९ मध्ये दाय आणि स्टॉइकोविच यांनी सुचवलं की तिथे गळा असेल तर पलीकडच्या ताऱ्याची ओढ गळ्यातून झिरपून एस२ च्या कक्षेत बारीक फरक पाडेल. १०^-६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका त्वरणाचा बदल पकडावा लागेल. ते काम मोठ्या दुर्बिणींचं आहे, माझ्या हातचं नाही.

दुसरी वाट माझ्या हातची आहे. दोन कृष्णविवरं एक झाली की उरलेलं कृष्णविवर ठराविक सुरात कंप पावत, गुरुत्वीय लहरी सोडत शांत होतं. हे १९७० मध्ये आपल्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी गणिताने दाखवलं. २०१६ मध्ये कार्डोसो, फ्रांझिन आणि पानी यांनी दाखवलं की क्षितिजाच्या जागी गळा असेल तर सुरुवातीचा सूर जवळपास तसाच राहील, पण मागाहून ठराविक अंतराने प्रतिध्वनी येतील, कारण आत गेलेली लहर परत फिरेल. त्याच वर्षी अबेदी आणि सहकाऱ्यांनी यंत्रांनी टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीत असे प्रतिध्वनी सुमारे ०.३ सेकंदांच्या अंतराने असल्याचा दावा केला. नंतरच्या तपासण्यांत त्याला पुरेसा आधार सापडला नाही. पण ही विदा (डेटा) सगळ्यांना खुली आहे. एका लॅपटॉपवर ती उघडता येते, आणि मी ती उघडतोय.

(जाता जाता: ती पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला आली. रायचौधुरींचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ चा. अर्थ काही नाही, पण मला फार बरं वाटलं.)

---

प्रमेयवाली

दादा, व्हिसर, कर आणि दधिच यांचा मुद्दा योग्य आहे आणि तुम्ही तो "गळ्यापाशी भंग होणारच" या अटीसकट मांडलात, त्यामुळे माझी तक्रार नाही. प्रतिध्वनींबाबत एकच आग्रह धरते: शोध सुरू करण्याआधी काय सापडलं तर "आहे" म्हणणार आणि काय सापडलं तर "नाही" म्हणणार, हे लिहून इथेच टाका. गोंगाटात ०.३ सेकंदांवर काहीतरी दिसतंच. मग ०.२८ ही चालतं, ०.३३ ही चालतं, आणि माणूस फसतो. आधी लिहिलं असेल तर मी विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे तेच गणित करवून घेईन. तुमच्या आकड्यांकडे न बघता.

---

हिंगोलीचा_जावई

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाचा उल्लेख कोणीच केला नाही! हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला चार किलोमीटर लांबीच्या भुजांचं यंत्र उभं राहणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. विदर्भाच्या सीमेला लागूनच जिल्हा. अमेरिकेतल्या दोन यंत्रांपासून इतक्या लांब आणखी एक कान मिळाला की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते कितीतरी अचूक सांगता येईल.

---

बारावी_अ

काका, ती विदा मलेही उघडता येईल का? पायथॉन थोडं येते.

---

कोराडीरोडकर

@प्रमेयवाली ताई, रविवारपर्यंत निकष लिहून इथे टाकतो. प्रतिध्वनीचं अंतर वस्तुमान आणि फिरकीवरून आधी काढणार, त्याला किती टक्के सूट ते आधी ठरवणार, आणि लहर येण्यापूर्वीच्या निव्वळ गोंगाटावर तोच शोध चालवून खोटे प्रतिध्वनी किती वेळा मिळतात ते मोजणार. तुमचे विद्यार्थी वेगळं करत असतील तर याहून चांगलं काय!

@हिंगोलीचा_जावई, बरी आठवण दिलीत. प्रतिध्वनी खरा असेल तर तो प्रत्येक यंत्रात दिसायला हवा, त्यामुळे एक यंत्र वाढलं की आपल्याही प्रश्नाला बळ मिळतं.

@बारावी_अ, येईल की! लायगोच्या खुल्या विदा केंद्रावर जा आणि १४ सप्टेंबर २०१५ ची घटना निवड. ३२ सेकंदांची, ४०९६ हर्ट्झची फाईल घे. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांची. सध्या प्रतिध्वनी विसर. आधी ३५ ते ३५० हर्ट्झच्या मधलं तेवढं ठेव, वीजपुरवठ्याची ६० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली रेघ काढून टाक, आणि लहर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. लिव्हिंगस्टनमध्ये ती आधी येते, हॅनफर्डमध्ये सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर, आणि तिथे ती उलटी दिसते कारण दोन यंत्रांच्या भुजांची दिशा वेगळी आहे. तो ७ मिलिसेकंदांचा फरक तुझ्या आलेखात निघाला की इथे टाक. अडलास तर तुझा प्रोग्रॅमच चिकटव, आपण ओळीओळीने बघू.